राखेत निवलेला हूक

युद्ध नेमकं कुठं चाललंय, हे आमच्या घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आबा म्हणायचे, ब्रह्मदेशात. आई म्हणायची, मंजी लय लांब आसंल, पार खोपोलीच्या खाली. मला वाटायचं, जे काही आहे ते लोणावळ्यातच असणार, कारण खाकी ट्रक तिकडूनच यायचे आणि तिकडंच जायचे. आमचं गाव मळवली स्टेशनाजवळ. मोठा रस्ता भातखाचरांच्या पलीकडून जायचा. ट्रकांची रांग सुरू झाली की फळीवरची पितळी भांडी थरथरायची आणि आई हातातलं काम टाकून भांड्यांना हात लावून उभी राहायची. साखर मिळेनाशी झाली, रॉकेल मिळेनासं झालं, मग आबांना लोखंड मिळेनासं झालं. लोखंड युद्धावर गेलं, असं आबा म्हणायचे. ते आपल्या पायांनी कसं गेलं, हे मला कळायचं नाही आणि विचारायची सोय नव्हती. त्या काळातलं मला बहुतेक सगळं असं अर्धवटच कळलेलं आहे. आता या वयात मागाहूनच्या शहाणपणानं ते भरून काढायचं म्हटलं तर काढता येईल, पण मग ते माझं राहणार नाही. जसं कळलं तसंच सांगते.

आबा लोहार. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायची, कोयते-विळे करायचे, बैलांना नाल ठोकायचे आणि सगळ्यात मानाचं काम म्हणजे नांगराचे फाळ. आबांच्या हातचा फाळ न्यायला आंदर मावळातून माणसं डोंगर उतरून चालत यायची. आबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. पण लोहाराच्या घरात त्यानं काही अडत नाही, घण बायकाच मारतात. आबा सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचे, हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवायचे, आणि त्या जागेवर आधी आईचा घण पडायचा, मग माझा. टिंग, धाड, धाड. टिंग, धाड, धाड. बोलायचं नाही. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. मला घण मारायला आवडायचं. शेजारच्या पोरी म्हणायच्या, हौसाचे दंड बघा कसे गड्यासारखे, आणि मी पदर आणखी खाली ओढून घ्यायची, पण मनातून बरं वाटायचं.

एक काम मात्र आमच्यासमोर व्हायचं नाही. फाळाला आकार आला की तो पुन्हा लाल करून पाण्यात विझवतात, म्हणजे तो कडक होतो आणि खडकावर घासला तरी झिजत नाही. याला पाणी देणं म्हणतात. लोखंड किती लाल पाहिजे, केव्हा बुडवायचं, केव्हा काढायचं, हे आबांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. ती वेळ आली की आबा म्हणायचे, "जावा, चूल बघा." आम्ही दोघी आत जायचो. भिंतीपलीकडून चर्रर असा आवाज यायचा, वाफेचा वास यायचा, आणि मग आबा हात पुसत जेवायला यायचे.

जेवणाला तांदळाची भाकरी, हुलग्याची पिठी, लसणाची चटणी. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे. आई त्यांच्या नांग्या पाट्यावर ठेचून रस्सा करायची, इतका तिखट की आबांच्या टकलावर घाम यायचा, आणि ते म्हणायचे, "ह्याच्यापरास भट्टी गार." घरात हसण्याचं तेवढंच निमित्त असायचं. आबा वाईट नव्हते, पण त्यांच्याजवळ बोलणं फार कमी होतं, आणि जे होतं ते सगळं लोखंडाबद्दल.

अशात एके दिवशी उस्मानभाई आले. लोणावळ्यात बाजारामागं त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं आवार होतं. आबांची आणि त्यांची जुनी ओळख; त्यांच्या टांग्याच्या चाकांपासूनची. आता लष्कराच्या ट्रकांना किरकोळ सामान बसवून द्यायचं काम त्यांना लागलं होतं. ताडपत्रीच्या कमानी, पाण्याच्या डब्यांचे कप्पे, साखळ्या अडकवायच्या कड्या. विलायतेहून यायचे ते हूक आलेच नाहीत, आणि ट्रक तसेच त्यांच्या आवारात उभे राहिले होते.

"तुकाभाऊ, हूक पायजेत," उस्मानभाई ओट्यावर बसत म्हणाले. "दोन म्होरं, दोन मागं. ट्रक चिखलात रुतला तर ह्यालाच साखळी लावून वडायचा. आन् बोटीवर चढवायचा म्हनलं की ह्यालाच अडकवून अख्खा वर उचलायचा."

"अख्खा?" आबांनी विचारलं.

"अख्खा. खाली मानसं आसत्यात, तवा जपून."

"आपला फाळ कवा खडकाला भ्याला न्हाई," आबा म्हणाले. "हूक काय चीज हाय?"

उस्मानभाईंनी मोडक्या लॉरीच्या चाकांचे जाड आस पाठवले. पहिला हूक करायला आम्हाला सबंध दिवस लागला. फाळ चपटा असतो. हे बोटासारखं वाकवायचं, तळाशी जाड ठेवायचं, टोकाला निमुळतं करायचं. आकार झाल्यावर आबा म्हणाले, जावा, चूल बघा. चर्रर झालं. हूक बाहेर आला तो निळसर काळा, आणि त्यावर कानस चालवली तर ती घसरून जायची. आबा तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. इतकं खूष मी त्यांना माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही.

परीक्षा उस्मानभाईंच्या आवारात. तीन जाड ओंडके वर एकत्र बांधून तिकाटणं उभं केलं होतं आणि त्याला साखळीची कप्पी टांगली होती. लष्कराच्या डेपोतून एक गोरा साहेब आला होता, कोवळाच, उन्हानं नाक सोललेलं, आणि बरोबर पंजाबी हवालदार. आबांचा हूक ट्रकच्या पुढच्या बाजूला बोल्टांनी आवळला. गडी कप्पीची साखळी ओढू लागले आणि ट्रकची पुढची चाकं जमीन सोडून वर आली. माणसं वाहवा म्हणाली. आबांनी पटका नीट केला. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. पण साहेबानं हात हलवला आणि गडी ट्रकच्या पुढच्या भागावर दगडांची पोती चढवू लागले. मी आईला विचारलं, "आता कशाला? उचलला की." आई म्हणाली, "मला काय ठावं." हवालदार सगळ्यांना काठीनं मागं सारत होता, पण आबा मागं सरेनात. आपल्या हुकाशेजारी उभं राहायला माणसाला कसली भीती? ते उलट एक पाऊल पुढं गेले.

वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हूक वाकला नाही, कुरकुरला नाही, काही कळायच्या आत दोन तुकडे. ट्रकचं नाक खाली आदळलं, पोती फुटली, धुरळा उठला, आणि तुटलेला तुकडा उडून आबांच्या उजव्या हातावर बसला. आबा खाली बसले. मोडलेल्या हाताकडं न बघता ते तुकड्याकडं बघत होते. साहेबानं तो तुकडा उचलला, तुटलेली बाजू हवालदाराला दाखवली आणि मान हलवली. तो काय म्हणाला ते उस्मानभाईंनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही.

वडगावच्या हाडवैद्यानं हळद आणि अंड्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. घरी आबा पडवीत घोंगडीवर पडून राहिले आणि एकच वाक्य म्हणत राहिले, "पानी कमी पडलं." भट्टी बंद. दोन दिवसांनी उस्मानभाई आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "साहेब बाजारच्या दिशी परत येतोय. तवर दुसरा हूक झाला तर ठीक, न्हाईतर काम पुन्याला जाईल. तुमची हालत बघून बोलवत न्हाई, पर सांगितलं पायजे."

आबांनी भिंतीकडं तोंड केलं. मग आई म्हणाली, "मी धरते सांडशी."

"तू?" आबा म्हणाले.

"आकार तर देते. हौसा घण मारंल."

आबांनी मान वळवून आईच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "आकार दे. पानी मी देईन, डाव्या हातानं. ह्या वक्ताला लय कडक देतो."

आईनं सांडशी हातात घेतली आणि आबांच्या जागी उभी राहिली, तर तिला काही सुधरेना. वर्षानुवर्षं तिनं ते काम समोरून पाहिलं होतं. आता डावं उजवीकडं गेलं होतं. दोनदा लोखंड निवून गेलं. मला रडू यायला लागलं. पडवीतून आबांच्या खोकण्याचा आवाज येत होता, पण ते काही सांगेनात. मग आई ऐरणीला वळसा घालून आपल्या नेहमीच्या बाजूला येऊन उभी राहिली, मला आबांच्या बाजूला उभं केलं, आणि तिथून हातोडी मारली. टिंग. मी घण टाकला. धाड. एकच घण असल्यानं मधे रिकामी जागा राहायची, आणि त्या जागेत माझा हात चुकायचा. संध्याकाळपर्यंत हूक झाला. आबांच्यापेक्षा थोडा बेढब, पोटाला जास्त जाड. आईनं तो भट्टीतल्या गरम राखेत पुरून ठेवला, सकाळी आबा पाणी देतील म्हणून.

सकाळी आबा पहिल्या गाडीनं वडगावला गेले, कामट्या सैल झाल्या होत्या. दुपारच्या आत येतो म्हणाले. ते गेले आणि थोड्याच वेळात उस्मानभाईंची लॉरी दारात. साहेब लवकर आला होता, थांबायला तयार नव्हता. आईनं राखेत हात घालून हूक काढला. अजून कोमट होता, राखेनं पांढरा पडलेला.

मी हळूच म्हणाले, "आई, ह्यो कच्चा हाय."

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय? चल."

ती का निघाली, हे मला तेव्हा कळलं नाही. आबांची वाट बघ म्हणून मी तिचा पदर ओढत होते आणि ती लॉरीत चढत होती. लोणावळ्याला उतरल्यावर तिनं उस्मानभाईंना एवढंच सांगितलं, "भाऊ, ट्रकपशी कुनाला उभं करू नका. पार लांब उभं करा." उस्मानभाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि माणसं मागं हटवली.

हूक आवळला. साखळी ओढली. ट्रकचं नाक वर आलं आणि तिथंच राहिलं. साहेबानं घड्याळ बघितलं, जवळ जाऊन हुकाला पट्टी लावून मोजलं, मान डोलावली. मग पुन्हा ती पोती. एक चढलं, दुसरं चढलं. मी डोळे मिटून घेतले आणि कान झाकले. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. ते घरी आले, घर रिकामं, राख उकरलेली; शेजारणीनं सांगितलं आणि ते तसेच पुढची गाडी धरून आले होते. गळ्यातल्या झोळीतला हात छातीशी धरून ते आवाराच्या फाटकातून पळत आत आले.

"पानी कुनी दिलं?" त्यांनी आईला विचारलं.

"कुनी न्हाई."

आबा साहेबाकडं धावले. "उतरवा! कच्चा हाय! मानूस मरंल कोन तरी, उतरवा!" हवालदारानं त्यांना काठी आडवी लावून थांबवलं. त्याला मराठी कळत नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा भांडायला आलाय. आबा डाव्या हातानं काठी ढकलत होते. आणि तेवढ्यात हूक उलगडायला लागला. अगदी सावकाश. मिटलेली मूठ झोपेत सैल होते तसा. कप्पी कुरकुरली, साखळी हुकाच्या टोकाकडं घसरू लागली, माणसं ओरडली, उतरवा, उतरवा. साहेब मात्र गुडघ्यावर बसून ते बघत होता. मग त्यानं हात खाली केला, गड्यांनी साखळी सोडली, आणि ट्रक हलकेच चाकांवर बसला. एक पोतंसुद्धा सांडलं नाही.

मी रडायला लागले. आमचा हूक सरळ झाला होता, म्हणजे सगळं गेलं. आबांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि आईकडं बघायचं टाळलं. आई जमिनीकडं बघत उभी. आणि साहेब हसत होता. त्यानं उघडलेला हूक काढून हवालदाराच्या हातात दिला आणि काहीतरी भरभर बोलला. उस्मानभाई आमच्याकडं आले.

"वहिनी, पास."

"पास कसा? वाकला की!" आबा म्हणाले.

"तसंच पायजे म्हनतोय. लागतं त्याच्या दुप्पट वजन झेललं, आन् मग बी तुटला न्हाई, उलगडला. मानसाला बाजूला व्हायला सवड दिली. कडक हूक सांगत न्हाई, मारतो, म्हनतोय."

आबा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. "मंजी वाकंल तो चांगला?"

"ह्या कामाला व्हय."

"आन् पानी?"

"पानी नगं."

हवालदार जवळ आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "किसने बनाया?" मी आईकडं पाहिलं, आई आबांकडं. आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "कारभारणीनं."

"कारभारी? शाबास, कारभारी!" हवालदारानं आबांच्या पाठीवर थाप मारली. आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उस्मानभाई खोकले. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत लष्कराकडून निरोप यायचे ते कारभारी लोहाराला, आणि कारभारी म्हणून ते आबांनाच ओळखायचे.

त्या दिवशी घरी काय करायचं ते आम्हा कुणालाच कळलं नाही. काम मिळालं होतं; गोडधोड करायला गूळ होता. पण आबांचा मोडलेला हात समोर, आणि त्यांचं तोंड कुणी वारल्यासारखं. आईनं चुलीवर गूळ-तांदूळ चढवले, मग उतरवून पिठी केली. जेवताना आबा म्हणाले, "मुद्दाम पानी दिलं न्हाईस व्हय?"

"मला कुटं येतंय?" आई म्हणाली.

आबांनी पिठीत भाकरी कुस्करली. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आपण जिंकलो की हरलो, हे मी मनात दोन्ही बाजूंनी मांडून बघत होते आणि दोन्ही बाजूंनी खरं वाटत होतं.

माझा नातू नवलाख उंबऱ्याजवळच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. मागं मी त्याला ही हकिकत सांगितली तर तो म्हणाला, आज्जी, सोपं आहे, कडक केलेलं लोखंड ठिसूळ होतं, राखेत सावकाश निवलं की चिवट होतं. त्यानं दोन मिनिटांत उलगडून सांगितलं. मी मान डोलावली. पण मला जे कोडं पडलं होतं ते लोखंडाचं नव्हतं. आबांना जे काम सगळ्यात चांगलं यायचं, त्यानंच त्यांचा हात मोडला. आणि आईला जे येत नव्हतं, त्यानं ती पास झाली. मग आम्ही कुणाचं कौतुक करायचं होतं? नातवाला विचारलं तर तो म्हणाला, दोघांचं. त्याचं लग्न नुकतंच झालंय.

पुढं आबांचा हात जुळला, थोडा वाकडा, पण जुळला. सकाळी ऐरण आईची, दुपारनंतर आबांची. सकाळी हूक व्हायचे आणि राखेत जायचे. दुपारी फाळ व्हायचे आणि आम्ही दोघी चूल बघायला आत जायचो. सकाळी आई माझ्याशी बोलायची, कधी ओव्या गुणगुणायची, आणि हातोडी मारता मारता चुकलं तर स्वतःशीच हसायची. दुपारी ती पुन्हा मुकाट घण मारायची. एकाच घरात दोन लोहार होते आणि त्यातला एक दुपार झाली की नाहीसा व्हायचा. आबा तिच्या हुकांकडं कधी बघत नसत. एकदाच मी त्यांना पाहिलं, कुणी नाही असं समजून त्यांनी राखेतला एक हूक काढला, कानस लावली, लोखंड साध्या लाकडासारखं कापलं गेलं, तशी त्यांनी मान हलवली आणि हूक पुन्हा राखेत नीट पुरून ठेवला.

मग युद्ध संपलं, म्हणजे ट्रक यायचे थांबले. आम्हाला तेवढंच कळलं. उस्मानभाईंच्या आवारात पुन्हा टांगे उभे राहू लागले. पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी आंदर मावळात गेले. पहिल्या माहेरपणाला आले तर सकाळीच आबांच्या हातोडीवर आई घण मारत होती. तिच्याबरोबर माझ्या जागी चुलत्याचा थोरला मुलगा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इंद्रायणीवर धुणं घेऊन गेलो. मी विचारलं, "सांडशी सोडलीस?"

"हूक कुनाला पायजेत आता?"

"मग फाळ कर की."

"फाळाला पानी द्यावं लागतं."

"मग शिकून घे आबांकडनं. तुजा हात त्यांनी बघितलाय की आता."

आई लुगडं पिळत होती. ते पिळून झालं, झटकून झालं, दगडावर पसरून झालं.

"इचारलं हुतं," ती म्हणाली.

"मग?"

"म्हनले, तुला हूक येतोय की."